किडनीचा रिपोर्ट वाचताना : तीन प्रश्न आणि त्यांचे शब्द

रक्त-लघवीच्या तपासणीचा कागद हाती आला की बहुतेकांची नजर आधी ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांवर जाते. शेजारच्या रकान्यात 'नॉर्मल रेंज' दिलेली असते. तिच्या आतला आकडा चांगला आणि बाहेरचा वाईट, एवढ्या हिशेबावर कागदाची घडी घालून तो फाइलमध्ये जातो. मधुमेह किंवा रक्तदाबासाठी वर्षानुवर्षे तपासण्या करून घेणाऱ्यांचा हा हिशेब किडनीपाशी येऊन पुष्कळदा चुकतो. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंत तयार होऊन किडनीवाटे बाहेर जाणारा पदार्थ, रेंजमध्ये असूनही किडनीचे काम निम्म्यावर आलेले असू शकते, आणि उलट रेंजबाहेर गेलेला एखादा आकडा अगदी निरुपद्रवी असू शकतो. याचे कारण असे की या कागदांवरचे सगळे शब्द एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. रक्त किती गाळले जात आहे, हा एक प्रश्न. गाळताना नको ते निसटून जात आहे का, हा दुसरा. आणि तयार झालेल्या लघवीला बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, हा तिसरा. क्रिएटिनिन पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन दुसऱ्याचे आणि सोनोग्राफी मुख्यतः तिसऱ्याचे. एकाचे उत्तर चांगले आले म्हणून उरलेल्या दोहोंचेही चांगलेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

शब्दांकडे वळण्यापूर्वी रचना थोडक्यात पाहू. दोन मूत्रपिंडे, म्हणजेच किडन्या, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. यकृताला जागा द्यावी लागत असल्यामुळे उजवी किडनी डावीपेक्षा किंचित खाली असते. प्रौढ माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. प्रत्येक किडनीतून एक मूत्रवाहिनी, जिला डॉक्टर युरेटर म्हणतात, खाली मूत्राशयात उतरते. मूत्राशयाला ब्लॅडर आणि तेथून बाहेर नेणाऱ्या मार्गाला युरेथ्रा म्हणतात. युरेटर आणि युरेथ्रा या दोन शब्दांचा घोळ सुशिक्षितांचाही होतो आणि तो महागात पडू शकतो, कारण खडा युरेटरमध्ये अडकला आहे की युरेथ्रामध्ये, यावर पुढचे सगळे उपचार ठरतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषांचा १८ ते २० सेंटिमीटर. स्त्रियांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग अधिक का आढळतो, याचे मोठे कारण या एका मोजमापात आहे.

खरे काम चालते ते किडनीच्या आत. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. त्याच्याभोवतीचे आवरण विल्यम बोमन यांच्या नावाने ओळखले जाते, कारण १८४२ मध्ये त्यांनी या आवरणाचा आणि पुढच्या नलिकेचा संबंध सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिला. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळपास पाचवा हिस्सा, म्हणजे दर मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, किडन्यांकडे जाते. ग्लोमेरुलसमध्ये रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. पाणी, क्षार, साखर, युरिया असे लहान पदार्थ गाळले जाऊन नलिकेत उतरतात. असे गाळलेले द्रव दिवसाकाठी सुमारे १८० लिटर भरते. शरीरातील रक्तद्रव सगळा मिळून तीन लिटर, म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते, कारण उरलेले ९९ टक्के पाणी आणि त्याबरोबरचे उपयोगी पदार्थ नलिका परत रक्तात ओढून घेतात. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातले सगळेच सामान बाहेर काढून हवे तेवढे पुन्हा आत लावावे, अशी ही पद्धत आहे. नको असलेल्या प्रत्येक पदार्थासाठी वेगळा दरवाजा ठेवण्यापेक्षा ती अधिक खात्रीची ठरते, कारण शरीराला कधीही न भेटलेला एखादा नवा पदार्थसुद्धा परत घेतला गेला नाही की आपोआप बाहेर जातो.

दर मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळले जाते, त्या वेगाला ग्लोमेरुलर फिल्ट्रेशन रेट म्हणतात आणि त्याचे लघुरूप जीएफआर. निरोगी तरुण माणसात तो ९० ते १२० च्या घरात असतो. पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर हा जीएफआर आहे. पण तो थेट मोजायचा तर शरीरात विशिष्ट द्रव्य टोचून ठराविक वेळाने रक्ताचे नमुने घ्यावे लागतात, आणि रोजच्या व्यवहारात ते शक्य नसते. म्हणून आडमार्गाने जावे लागते, आणि तो आडमार्ग म्हणजे क्रिएटिनिन.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात तयार होते आणि मुख्यतः किडनीतून गाळले जाऊन बाहेर पडते. येणारी आवक ठरलेली असल्यामुळे गाळण्याचा वेग कमी झाला की रक्तातील पातळी वाढते. तर्क सरळ आहे, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की हे नाते सरळ रेषेचे नाही. वेग निम्मा झाला की क्रिएटिनिन दुप्पट होते. एखाद्या बारीक अंगकाठीच्या स्त्रीचे क्रिएटिनिन मुळात ०.६ असेल आणि काही वर्षांत ते १.२ झाले, तर तिच्या किडन्यांचे जवळपास निम्मे काम गेलेले असते; मात्र ०.६ ते १.२ अशी रेंज छापणाऱ्या लॅबच्या कागदावर दोन्ही वेळा काहीही ठळक छापले जात नाही. याउलट, आजार पुढे गेल्यावर क्रिएटिनिन ४ वरून ५ झाले तर घरात हलकल्लोळ माजतो, पण तेव्हा गमावलेले काम जीएफआरच्या हिशेबात अवघे काही मिलिलिटर असते. सुरुवातीची किंचित वाढ मोठी असते आणि शेवटची मोठी वाढ त्या मानाने लहान, हे ध्यानात ठेवले तर जुने रिपोर्ट का जपून ठेवायचे ते कळते. एकट्या आकड्यापेक्षा त्याची वाटचाल अधिक सांगते.

दुसरा खाचखळगा स्नायूंचा. ज्याचे स्नायू जास्त त्याचे क्रिएटिनिन जास्त, मग किडनी कितीही उत्तम असो. व्यायामशाळेत जाऊन क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या तरुणाचा आकडा वाढलेला दिसू शकतो, आदल्या रात्री भरपेट मटण खाल्लेल्या माणसाचाही थोडा वाढू शकतो. आणि अंथरुणाला खिळलेल्या, वजन घटलेल्या आजींचा आकडा फसवा, म्हणजे वाजवीपेक्षा चांगला दिसतो. ही अडचण काही अंशी दूर करण्यासाठी वय आणि लिंग हिशेबात धरणारी सूत्रे वापरतात. त्यातून निघालेल्या अंदाजाला ईजीएफआर म्हणतात. त्यातला 'ई' अंदाजाचा. सध्या सर्वाधिक वापरात असलेले सूत्र २०२१ मधले आहे. उदाहरणादाखल क्रिएटिनिन १.१ धरू. हाच आकडा २५ वर्षांच्या पुरुषाचा असेल तर ईजीएफआर सुमारे ९५ येतो, आणि ७० वर्षांच्या स्त्रीचा असेल तर सुमारे ५४. एकच आकडा, एकीकडे पूर्ण निरोगी आणि दुसरीकडे काळजीपूर्वक लक्ष ठेवण्याजोगा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब आता ईजीएफआर छापून देतात. जेथे देत नाहीत तेथे तो मागून घ्यावा, नाहीतर डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण केवळ क्रिएटिनिनवर समाधान मानणे म्हणजे अर्धाच कागद वाचणे होय. स्नायूंमुळे अंदाज फारच डळमळीत वाटत असेल, तर सिस्टॅटिन सी नावाची वेगळी तपासणी करतात. हे प्रथिन जवळजवळ सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे त्याच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. थायरॉइडचे विकार आणि स्टिरॉइड मात्र त्यालाही हलवतात.

ईजीएफआरवरून दीर्घकालीन किडनीविकाराचे, म्हणजे सीकेडीचे, टप्पे ठरतात. ९० च्या वर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ३० ते ५९ तिसरा (त्यातही ४५ च्या वर 'ए' आणि खाली 'बी'), १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 'स्टेज ३' हे शब्द ऐकताच कर्करोगाचा तिसरा टप्पा आठवून माणसे हादरतात, पण या दोन मोजपट्ट्यांचा एकमेकींशी संबंध नाही. तिसऱ्या टप्प्यातील पुष्कळ वयस्क माणसे उर्वरित आयुष्य डायलिसिसची पायरी न चढता काढतात. चाळिशीनंतर जीएफआर दर वर्षी साधारण एक मिलिलिटरने उतरतो, हा वयाचाच भाग आहे. शिवाय पहिल्या दोन टप्प्यांना 'विकार' म्हणण्यासाठी नुसता ईजीएफआर पुरत नाही. लघवीतून अल्ब्युमिन जाणे किंवा सोनोग्राफीत दोष दिसणे असा वेगळा पुरावा लागतो. आणि कोणत्याही टप्प्याचा शिक्का मारण्यासाठी तो दोष तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असावा लागतो. ताप-जुलाबाच्या आठवड्यात काढलेल्या एकाच रिपोर्टवरून कोणाला सीकेडी ठरवता येत नाही.

तीन महिन्यांची ही अट ज्याला लागू नाही, त्याचे नाव अक्यूट किडनी इन्ज्युरी, लघुरूप एकेआय. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले, सात दिवसांत दीडपट झाले किंवा सहा तास लघवी वजनाच्या मानाने फारच कमी झाली, तर एकेआय धरतात. या अवस्थेत ईजीएफआर वापरायचा नसतो, कारण ते सूत्र पातळी स्थिरावली आहे असे गृहीत धरते. दोन्ही किडन्या आज सकाळी अचानक बंद पडल्या, तरी संध्याकाळच्या क्रिएटिनिनमध्ये फारसा फरक दिसणार नाही; ते रोज थोडेथोडे चढत जाईल आणि कागद वस्तुस्थितीच्या मागे राहील. महाराष्ट्रात पावसाळा हा एकेआयचा मोसमच म्हणावा लागेल : गॅस्ट्रोने होणारे जुलाब, मलेरिया, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आणि शेताच्या बांधावर होणारा घोणसचा दंश, ही सगळी त्याची ओळखीची कारणे आहेत. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तेव्हा या आजारात किडनी किती झपाट्याने ढासळते हे शहराने पाहिले. लेप्टोमध्ये आणखी एक चकवा असतो : लघवीचे प्रमाण बऱ्याचदा चांगले राहते, तरीही क्रिएटिनिन चढत असते. 'लघवी व्यवस्थित होते, म्हणजे किडनी ठीक' हा समज मोडीत काढायला एवढे उदाहरण पुरावे. दीर्घकालीन विकारातही असेच घडते. लघवी दोन लिटर होते, पण तिच्यातून जायला हवे ते पुरेसे जात नाही.

जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडलेले असताना डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेणे विशेष घातक ठरते. रक्ताचा पुरवठा घटला की ग्लोमेरुलसकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून किडनी स्वतःला सावरत असते, आणि ही औषधे नेमका तोच आधार काढून घेतात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या 'अंगदुखीच्या गोळी'चा उल्लेख डॉक्टरांसमोर आवर्जून करायला हवा, तो यासाठी.

क्रिएटिनिनच्या शेजारी छापलेला युरिया हा प्रथिनांच्या विघटनातून यकृतात तयार होणारा पदार्थ. काही लॅब युरिया देतात, काही बीयूएन, म्हणजे युरियातील केवळ नायट्रोजन, बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया येतो. त्यामुळे एका लॅबचा ३० आणि दुसरीचा १४ पाहून सुधारणा झाल्याचा आनंद मानण्यात अर्थ नाही. पाणी कमी पिणे, पोटात रक्तस्राव होणे, प्रथिने जास्त खाणे यांमुळेही युरिया वाढतो, म्हणून किडनीचा साक्षीदार म्हणून तो क्रिएटिनिनपेक्षा कच्चा.

आता दुसरा प्रश्न, गळतीचा. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच प्रश्नाकडे होते. ग्लोमेरुलसची भिंत निरोगी असेल तर रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत नगण्य प्रमाणात येते. मधुमेहात ही भिंत हळूहळू सैल होते आणि क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी वर्षे आधी अल्ब्युमिन गळू लागते. म्हणजे औषधांनी सर्वाधिक फरक पडू शकेल अशा काळात पहिला प्रश्न 'सगळे ठीक' असे उत्तर देत असतो, आणि खरी बातमी दुसऱ्याकडे असते. म्हणूनच टाइप २ मधुमेहाच्या रुग्णाने निदानापासून दर वर्षी, आणि टाइप १ च्या रुग्णाने निदानानंतर पाच वर्षांपासून, ही तपासणी करून घ्यावी असे सांगितले जाते.

कागदावर तिचे नाव 'मायक्रोअल्ब्युमिन' असे असते. अल्ब्युमिनचा हा काही वेगळा, छोटा प्रकार नव्हे. नेहमीचेच अल्ब्युमिन, फक्त थोड्या प्रमाणात. अधिक उपयोगी आकडा त्याच्या खाली असतो : अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर. येथे क्रिएटिनिन पुन्हा का आले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. लघवी कधी पातळ असते, कधी घट्ट. भरपूर पाणी पिऊन दिलेल्या नमुन्यात अल्ब्युमिन कमी भासेल, तहानलेल्या अवस्थेतल्या नमुन्यात जास्त. लघवीतून दिवसभरात जाणारे क्रिएटिनिन मात्र बऱ्यापैकी ठरलेले असते, म्हणून त्याच्याशी भागले की पातळपणा-घट्टपणाचा परिणाम निघून जातो आणि २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमवत बसावे लागत नाही. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती वाढलेली आणि ३०० च्या पुढे ती तीव्र. सकाळची पहिली लघवी यासाठी उत्तम. ताप, जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांनी आकडा तात्पुरता चढतो, म्हणून एकदा वाढलेला दिसला तर पुन्हा तपासून खात्री करतात. गळती दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या पुढे गेली, रक्तातील अल्ब्युमिन उतरले आणि अंगावर सूज आली, तर त्या अवस्थेला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. लहान मुलांमध्ये सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या दिसणे ही त्याची पहिली खूण असू शकते. लघवीला सतत, न विरणारा फेस येणे हीदेखील तपासण्याजोगी गोष्ट आहे, जरी जोराने पडलेल्या लघवीलाही फेस येतोच. पांढुरकी, गढूळ लघवी दिसताच 'धातू जातो' म्हणून घाबरणारे तरुण असतात. तो गढूळपणा बहुधा फॉस्फेट या क्षाराचा असतो आणि त्याचा ना अल्ब्युमिनशी संबंध, ना वीर्याशी.

'युरिन रूटीन' हा सर्वांत स्वस्त कागद, आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याभोवती. त्यातील 'पस सेल्स' म्हणजे पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यात त्या पाचपर्यंत असणे सामान्य आहे, तरी 'लघवीत पू झाला' असे म्हणत प्रतिजैविके सुरू झालेली अनेकदा दिसतात. लघवीला जळजळ होणे, वारंवार आणि थेंब थेंब होणे, ज्याला आपण उन्हाळी लागणे म्हणतो, अशी लक्षणे असतील तर त्या पेशींना अर्थ येतो; आणि कोणता जंतू आहे हे कल्चरवरूनच, म्हणजे लघवीतील जंतू वाढवून पाहणाऱ्या तपासणीवरूनच, ठरते. कल्चरसाठी नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी द्यावा, आणि सुरुवातीची लघवी सोडून मधल्या धारेचा द्यावा. 'मिक्स्ड ग्रोथ' असा शेरा आला तर बहुतेक वेळा तो आजार नसून नमुना घेताना मिसळलेल्या जंतूंचा असतो. काहीही त्रास नसताना कल्चरमध्ये जंतू सापडले, तर गरोदरपणा किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया यांसारखे अपवाद वगळता सहसा औषध द्यावे लागत नाही, ही गोष्ट रुग्णांना पटवणे फार अवघड जाते.

त्याच कागदावरील 'आरबीसी' म्हणजे तांबड्या पेशी. वेदना नसताना लघवी लाल होणे, विशेषतः पन्नाशीनंतर आणि तंबाखू किंवा धूम्रपानाचे व्यसन असलेल्यांमध्ये, ही थांबून पाहण्याची गोष्ट नव्हे. मूत्राशयाच्या कर्करोगाची शक्यता वगळावीच लागते. बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने आलेला रंग वेगळा; त्यात पेशी सापडत नाहीत. तांबड्या पेशी नलिकेच्या साच्यात घट्ट बसून 'आरबीसी कास्ट' या रूपात दिसल्या, तर रक्त मूत्राशयातून नव्हे, थेट ग्लोमेरुलसमधून येत आहे असा त्याचा अर्थ होतो. आणि 'शुगर' पॉझिटिव्ह आली म्हणून मधुमेह बिघडला असे लगेच समजू नये : डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांच्या लघवीत साखर येणारच, कारण साखर परत ओढून घेण्याचे नलिकेचे काम अडवणे हाच त्या औषधांचा मार्ग आहे. आज ही औषधे किडनी जपण्यासाठीही दिली जातात.

तिसरा प्रश्न वाटेचा. सोनोग्राफीच्या कागदावर प्रथम किडनीची लांबी-रुंदी, मग 'सीएमडी मेंटेन्ड', म्हणजे बाहेरचा आणि आतला थर वेगवेगळे ओळखू येत आहेत, असा शेरा असतो. 'इकोजेनिसिटी वाढलेली' म्हणजे किडनी नेहमीपेक्षा उजळ दिसते. हे जुन्या विकाराचे लक्षण असू शकते, पण एकट्याने निदान करण्याइतके ते भक्कम नाही. 'सिंपल कॉर्टिकल सिस्ट' ही पाण्याची गाठ वयाबरोबर पुष्कळांना होते आणि सहसा काही करावे लागत नाही. महत्त्वाचा शब्द हायड्रोनेफ्रोसिस : खाली कुठेतरी अडथळा असल्याने लघवी मागे तुंबून किडनीचा आतला भाग फुगणे. दवाखान्यात हे 'किडनीला सूज आहे' असे सांगितले जाते, आणि येथे मराठीतला एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी राबतो. तुंबल्यामुळे आलेली सूज, नेफ्रायटिसमधील दाहाची सूज आणि पायांवर पाणी साठल्याची सूज, तिन्हींची कारणे निराळी आणि उपचारही निराळे. पहिलीसाठी बहुधा वाट मोकळी करणारा युरॉलॉजिस्ट लागतो, दुसरीसाठी औषधोपचार करणारा नेफ्रॉलॉजिस्ट. 'सूज म्हणजे नेमकी कोणती?' एवढे विचारले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

अडथळ्याचे सर्वांत ओळखीचे कारण मूतखडा. तो अडकण्याच्या ठरलेल्या जागा कागदावर लघुरूपांत येतात : पीयूजे म्हणजे किडनी आणि मूत्रवाहिनीचा सांधा, व्हीयूजे म्हणजे मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा. पाच मिलिमीटरहून लहान खडे बऱ्याचदा आपणहून पडतात. वयस्क पुरुषांमध्ये दुसरे कारण प्रोस्टेटची वाढ. तेव्हा 'पोस्ट व्हॉइड रेसिड्यू' हा आकडा पाहावा, म्हणजे लघवी करून आल्यावरही मूत्राशयात किती मिलिलिटर शिल्लक राहिली ते कळते. सोनोग्राफी निर्दोष असली तरी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बिघडलेली असू शकतात. मधुमेहात तर विकार बराच पुढे गेल्यावरही किडनीचा आकार पूर्ववत दिसतो.

गाळण्याव्यतिरिक्तची कामे रक्ताच्या इतर तपासण्यांत डोकावतात. हिमोग्लोबिन उतरते, कारण रक्तपेशी बनवण्याचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटिन किडनीत तयार होते. ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचा शेवटचा टप्पा तेथेच पार पडत असल्याने कॅल्शियम, फॉस्फरस आणि त्यांचा तोल सांभाळणारे पीटीएच हे संप्रेरक यांचे गणित बिघडते. पोटॅशियम ५.५ च्या पुढे चढू लागले तर हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो. या यादीत तातडीने पाहायचा आकडा कोणता, असे विचारले तर तो हाच.

शेवटी उरतो तो सर्वांच्या तोंडी असलेला 'किडनी फेल' हा शब्दप्रयोग. कोणाचे क्रिएटिनिन ३ झाले तरी तो वापरला जातो आणि कोणाला डायलिसिस लागले तरीही. वैद्यकीय अर्थाने तो पाचव्या टप्प्याला लागू पडतो, पण तेव्हाही डायलिसिस आकड्यावर सुरू होत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील रुग्णांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत काहींना जीएफआर १० ते १४ असतानाच आणि काहींना ५ ते ७ पर्यंत उतरल्यावर डायलिसिस सुरू करायचे ठरले होते. लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. म्हणून मळमळ, भूक जाणे, आवरत नसलेले पोटॅशियम, फुफ्फुसात साठणारे पाणी अशा गोष्टी पाहून वेळ ठरवतात. तयारी मात्र त्याच्या बरीच आधी करावी लागते. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातील धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि त्यासाठी शिरा शाबूत असाव्या लागतात. चौथ्या टप्प्यातील रुग्णाने म्हणूनच ज्या हाताने लिहीत-जेवत नाही त्या हातातून रक्त काढू द्यायचे नाही, सलाइन लावू द्यायचे नाही, आणि लॅबमधल्या माणसाने सवयीने तोच हात पुढे ओढला तर त्याला आधीच थांबवायचे असते.